इंदूर–पुणे, उशिरा

दक्षिण तुकोगंजात, औषधाच्या दुकानावर
माझा दवाखाना. तो शेवटी यायचा,
कंपाउंडर सायकल काढून गेल्यावर.
पैसे रोख. पावती नको.
नाव काय लिहू, विचारलं
तर म्हणाला, काहीही.
समोरच्या कॅलेंडरवर लेले सराफ होते,
मी 'लेले' लिहिलं.

पहिले दोन गुरुवार तो बोललाच नाही.
पंख्याकडे बघत बसला,
जणू तो नीट फिरतोय की नाही
याची जबाबदारी त्याचीच.

तिसऱ्या गुरुवारी मला सुचलं,
यांच्यात एक जण वाचतो, दुसरा उत्तर देतो.
पॅड उचललं, वाचायला लागले.
झोप?
तीन तास.
भूक?
सकाळी पोहे. चव नाही.
बायको?
माहेरी, देवासला.
हात?
स्थिर.
मन?
तपासलं, म्हणाला सवयीनं,
आणि मग चष्मा काढून
शर्टाच्या टोकानं पुसत राहिला
काच निघून येईल इतका वेळ.

वर असतो तेव्हा बरा असतो, डॉक्टर.
इंजिन बंद करून खाली उतरलो
की काहीतरी चालूच राहतं कानात,
रात्री दोनच्या फ्रीजसारखं.

मेडिकलच्या वेळी एक फॉर्म असतो, म्हणाला.
त्यात एक चौकोन, नखाएवढा.
त्यात खरं लिहिलं
तर बाबांनी विकलेला महू रोडचा प्लॉट,
बँकेचे अजून सहा वर्षांचे हप्ते,
लोकमान्य नगरातल्या दारावरचं 'कॅप्टन',
सगळं त्या नखाएवढ्या भोकातून खाली.
म्हणून मी 'नाही'वर खूण करतो.
माझी खूण फार सुरेख येते.

गोळ्यांची चिठ्ठी त्यानं घडी घालून परत दिली.
मी म्हटलं, सोमवारपर्यंत.
तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन.
त्यानं मान हलवली.
होकार होता की नुसती मानच जड झालेली,
कळलं नाही.

कंपनीचा नंबर मी फ्रीजवर
चुंबकाखाली लावून ठेवला.
रात्री पातेलं घासत होते, घासून झालेलंच.
भीती त्याची वाटत होती, की त्याच्यासाठी,
की त्या दीडशे जणांसाठी
जे खिडकीची जागा मागून घेतात?
तिन्ही भीत्या एकाच हातात मावत नव्हत्या.

सोमवारी भाचीच्या मुलाचं बारसं, पुण्याला.
विमानतळावर फोन हातात धरूनच बसले होते.
बाहेर बिजासनच्या टेकडीवर दिवे लागलेले.
मग घोषणा:
वैमानिक उपलब्ध नसल्यामुळे
पुण्याचं विमान दोन तास उशिरा.

लोक उठले, काउंटरवर हात आपटले.
काय भिया, पायलटला झोप लागली का,
असं एक जण मोठ्यानं म्हणाला
आणि सगळे हसले.
एका काकूंनी डब्यातल्या दशम्या
लवकर उघडल्या.

तेव्हा तो दिसला.
रांगेच्या उलट्या दिशेनं,
टोपी काखेत, बॅगेचं एक चाक करकरत.
गर्दी त्याच्यासाठी बाजूला झाली,
गणवेशाला होते तशी,
आणि त्यालाच विचारू लागली,
साहेब, विमान कधी सुटणार?
तो म्हणाला, सुटेल. दुसरे येतायत.
माझ्याकडे पाहिलं असेल. नसेलही.
काचेच्या दारातून तो बाहेर पडला
आणि रिक्षावाल्यांशी भाव न करता
एकीत बसला.

उद्या त्याच्याकडून काय काय काढून घेतील
मला माहीत आहे.
परत काय मिळेल
ते फाईल लिहिणाऱ्यालाही नाही.

थोड्या वेळानं कंपनीची एक मुलगी
पाण्याच्या बाटल्या आणि कागद घेऊन आली.
विलंबामुळे आपली गैरसोय झाली का?
पुढे चौकोन, तेवढाच, नखाएवढा.
मी 'नाही'वर खूण केली.
वाकडी आली.