सचिवांचा नंबर

अध्यक्ष महोदय, इतर संघांचे पदाधिकारी,
मला पाच मिनिटं दिली आहेत,
विषय आहे संघटनेचं डिजिटल कामकाज.
अनुभव एकच आहे. तो सांगतो आणि बसतो.

आमचा संघ बिछायतवाल्यांचा.
सक्करदऱ्यापासून कामठी रोडपर्यंत
तीनशे अठरा सभासद,
दुसऱ्यांच्या लग्नात रात्रभर जागणारे.
धकातेभाऊंनी आमचं सगळं कम्प्युटरवर चढवलं:
वर्गणी, गोदामांचे विमे,
कोणाच्या लाल खुर्च्या कोणाकडे अडकल्या.
पासवर्ड त्यांच्या डोक्यात,
नंबर त्यांच्या मोबाईलचा,
आणि मार्चमध्ये, हिशेब जुळायच्या आठ दिवस आधी,
भाऊ गेले.

कुलूपही एकाचं, किल्लीही एकाचीच, असं ठेवू नये.
हे आम्हीही अशाच एका सभागृहात ऐकलं होतं,
जेवणाच्या आधी.

तेरावं झाल्यावर इंदुवहिनींना फोन केला.
भाऊंच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, म्हटलं.
"थांबा, चष्मा आणते."
मग वाचले: सत्तेचाळीस. बारा. नव्वद.
जोडीजोडीनं,
पहाटे टेम्पोतून परत उतरणाऱ्या खुर्च्या
अंगणात उभं राहून मोजाव्यात तसे.

वर्षभर असंच. मंगळवार, शुक्रवार.
आकड्यांच्या आधी थोडं इकडचं तिकडचं:
कूलरची घास बदलली,
पोरगा बुटीबोरीला रातपाळीवर,
गुडघा तसाच.
आकडे दहा मिनिटांत शिळे होतात
आणि वहिनींचं बोलणं कधी अकराव्या मिनिटाला संपतं.
मी काही न बोलता पुन्हा मागवायचो.
रिचार्जचे पैसे देऊ केले
तर म्हणाल्या, "त्यांचा नंबर हाय न तो."

आमचा तन्मय गिऱ्हेपुंजे, पोरगा हुशार,
दर वेळी म्हणे, काका, पाच मिनिटांचं काम हाय,
बदलून टाकू नंबर.
कार्यकारिणीच्या पत्रिकेवर तो विषय सातवा होता.
सहाव्यावर दर वेळी चहा यायचा.

मग मे महिना. रात्रीचे पावणेबारा,
गच्चीवरची गादीसुद्धा तापलेली.
फोन वहिनींचा.
"तुम्ही आता आत जाऊन राह्यले काय?"
नाही, म्हटलं.
"मंग आकडे काहून येऊन राह्यले? तिसऱ्यांदा आले.
अन् एक जण फोनवर म्हणते, संघातून बोलतो,
लवकर सांगा, खातं बंद होते."
माझ्या पोटात गोळा. काय सांगितलंत?
"म्हटलं, कोणत्या संघातून बे?
आमच्या संघातले
आधी गुडघ्याचं विचारतात."

चार लाख वीस हजार होते त्या खात्यात.
कोणाच्या आजारपणाला, कोणाच्या जळलेल्या गोदामाला
ठेवलेले.

पुढच्या सभेत विषय सात चहाआधी घेतला.
आता दोन नंबर लागतात:
एक माझा, एक वहिनींचा, त्यांच्या स्वतःच्या फोनचा.
सभासद क्रमांक तीनशे एकोणीस.
वर्गणी माफ करू म्हटलं,
त्यांनी पैसे मोजून दिले आणि पावती मागितली,
नाव नीट लिहा म्हणाल्या,
धकाते आधी नाही, इंदु आधी.

भाऊंचा नंबर जूनअखेर बंद पडला.
रिचार्ज राहिला की ठेवला,
मी विचारलं नाही.

तन्मयनं माझ्यासाठी या कागदावर सात मुद्दे काढून दिलेत,
रंगीत. वाचून घ्या, बरोबर आहेत सगळे.
माझा एक मुद्दा त्यात बसेना,
त्याला रकाना कोणता द्यावा, त्यालाही कळेना.

माफ करा, हा फोन घ्यावा लागेल.
मंगळवार आहे,
आणि चारशे रुपयांची पावती मी कोणाची कापली,
हे त्यांना आत्ता हवं असेल.