फिकट मणी

पवईच्या पाण्यात आज स्फुरद जास्त,
नत्र जवळजवळ नाहीच.
ओल्या वहीत आकडे पसरतात.
जान्या वरठा वल्हं रोवून होडी थोपवतो,
विचारतो, "बाई, हे हिरवं आलं कुठनं?
परवापातूर तर नव्हतं."

साबणातून, मी सांगते. वरच्या इमारतींच्या नळीतून.
आणि तळाच्या गाळातून, जिथं वर्षांवर्षांचं साचलंय.
तो मान हलवतो. पटलं म्हणून नव्हे,
बेटाकडे मगर उन्हाला आलीय,
त्याचं सगळं लक्ष तिथे.

संध्याकाळी काचपट्टीवर एक थेंब.
चारशे पट मोठा केला की
माळाच माळा. हिरवा मणी, हिरवा मणी, हिरवा,
आणि मध्येच एक फिकट, जाड सालीचा.
हा दुभंगत नाही. याला पुढे लेकरं नाहीत.
हवेतला नत्र,
जो आपल्या छातीतून नुसताच ये-जा करतो,
हा धरतो, फोडतो, शेजाऱ्यांना वाटतो.
शेजारी त्याला साखर पोचवतात.
त्याग वगैरे मी म्हणणार नाही,
अहवालात तसा रकाना नाही.

दर शंभर मण्यांमागे फिकट किती, एवढंच मोजायचं.
फेब्रुवारीत सात.
मार्चअखेर नऊ.
एप्रिलात पश्चिमेच्या कोपऱ्यात नाला फुटला,
अमोनियाचा वास नाकात बसला,
तिलापिया पोटं वर करून काठाला लागले,
आणि काही दिवसांनी त्या कोपऱ्याच्या थेंबात
शून्य.
भिंग पुसलं. पुन्हा मोजलं.
शून्य.
माळा होत्या, लांबच लांब, गच्च हिरव्या.
आयतं दारात आल्यावर
कोण कशाला फिकट होईल?

मेमध्ये माळाही विरळ झाल्या.
त्यांच्या जागी दुसरंच शेवाळ, गुठळ्यागुठळ्यांचं,
हवेतून काही धरता न येणारं,
नाल्यावर पोसलेलं, सांडलेल्या रंगासारखं दाट.

जान्याला हे सांगितलं. सगळं नाही, थोडंसं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "उपाशी होते तवा बरे होते म्हणा की."
मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते:
तारीख, कोपरा, खोली अर्धा मीटर.
आमच्या वस्तीला नळ येऊन किती वर्षं झाली,
कोण कोणाकडे हंडा मागायला जायचं,
आठवायचं नव्हतं, आठवलं.

त्यानं वल्ह्याचं हिरवं लुंगीला पुसलं.
डाग तसाच राहिला.