मापाची वही

रंकाळ्याचं पाणी उतरलं, संध्यामठाचे खांब उघडे पडले
आणि त्या खांबांमधून ते वर आले, रांगेनं,
दाढ्या कमरपट्ट्यात खोचून, उन्हाला डोळे बारीक करत.
कातळकुळीचं पायदळ. बुटके, नऊशे बारा.
लोखंडी बूट आपल्या उन्हात तव्यासारखे तापले.
तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत निरोप आला:
चपला लागतील.

सासऱ्यांनी कागद अंथरला, कानावरची पेन्सिल काढली.
"ठेव पाय."
वही माझ्याकडं.
म्हणून मला हे सैन्य पायांकडून ठाऊक आहे.
वर नुसती दाढी. तिच्यावरून कोण ओळखणार?

ढालकरी: वीतभर लांब, जवळजवळ तेवढंच रुंद,
टाच आत बसलेली,
पिढ्यान् पिढ्या मागं रेटा देऊन उभं राहिल्यानं.
त्यांना तळ तिहेरी, म्हशीच्या कातड्याचा.
कुऱ्हाडवाल्यांचा डावा अंगठा बाहेर वळलेला,
घाव घालताना सगळं अंग त्याच्यावर फिरतं.
सुरुंगवाल्यांच्या भेगांत कोळसा, धुऊन न जाणारा,
आणि पेन्सिल तळव्याला लागली की गुदगुल्या.
एक तर असा हसला की रेघच सरकली.
डुंबरख त्याचं नाव, घणाच्या दोन ठोक्यांसारखं.
वहीत त्याच्या उजव्या पायाला
करंगळीशेजारी अजून एक शेपूट आहे.

मग आपली माणसं.
तालमीतले पट्टेवाले, नखं कापलेली, पाय तेलकट.
शिरोळकडचे गोफणवाले, पोटऱ्या उसाच्या पात्यानं खरडलेल्या.
आणि गंगावेशीत दूध घालून तसाच आलेला
एक भालाईत, इराप्पा, घोट्यापर्यंत शेण.
"धुऊन ये, भावा," सासरे म्हणाले, "लढाई हाय, गोठा न्हाई."

पेटाळ्याच्या मैदानात पहिल्या दिवशी
भाले खालच्या शिरस्त्राणांवर खडखडले
आणि दोन भाषांत आया-बहिणी निघाल्या.
ढालींची भिंत आपल्या कमरेला लागते, करणार काय?
संध्याकाळी भाकरीच्या रांगेत कुणाला तरी उमगलं,
बुटके पुढं, उंच मागं, त्यामुळं चूल सगळ्यांना दिसते.
दुसऱ्या दिवसापासून तसेच उभे राहिले.
एक भिंत, दोन मजले.

आवाजाचं भांडण मात्र राहिलं.
आपल्यांना करकर पाहिजे, कापशीसारखी.
बुटक्यांना नको. बोगद्यात आवाज करणारा पहिला मरतो.
सासरे ऐकून घेत होते.
मग म्हणाले, गगनबावड्याला धुकं असतं,
घाटाखालून येणाऱ्यांची पावलं वाजत नाहीत म्हणतात.
जो वाजेल तो आपला.
त्यावर ढालकऱ्यांचा म्होरक्या बराच वेळ दाढी ओढत बसला.
त्या रात्री मी नऊशे बारा जोडांच्या थरांत
विंचवाचं बी घातलं.
बोटं अजून दुखतात वेणी घालताना.

ते गेले तेव्हा सगळा रस्ता करकरला.
आले तेव्हा मी दारात बसून ऐकत होते.
मोजायला नव्हते बसले,
पण आपोआप मोजलं जातं.
लवकर संपलं.

अंधार पडल्यावर इराप्पा आला, पाय पुन्हा घोट्यापर्यंत माखलेले.
या वेळी धुऊन ये कुणी म्हणालं नाही.
पदरात बाळ आणावं तशी त्यानं धोतराच्या सोग्यातून
एक चप्पल काढली. डावी, छोटी, रुंद.
"ढालीखालनं मला ओढून काढला ह्यानं.
माझ्या गुडघ्याएवढा गडी.
उजवी घाटात गेली.
उद्या त्यास्नी खाली न्यायचंय, खांबांमधनं.
एका पायानं कसा धाडू?"

मी वही उघडली.
कागदावर सासऱ्यांचा अंगठा फिरत फिरत
करंगळीपाशी थांबला.
कंदील जवळ ओढला त्यांनी,
चांगलं कातडं काढलं, लग्नाच्या जोडासाठी ठेवलेलं,
आणि रापी चालवली
रेघेवरून, न चुकता,
शेपटासकट.