थिजणं

लीड्स. तळघर. रात्रीचे पावणेतीन.
चिमट्याच्या टोकाला सोन्याची जाळी,
टिकलीएवढी.
तिच्यावर तीन मायक्रोलिटर प्रथिन,
म्हणजे माझे आठ महिने.
टीपकागद जादा पाणी पिऊन घेतो,
मग खटका,
आणि जाळी सपकन खाली,
द्रव इथेनमध्ये.

पाण्याला बर्फ व्हायला वेळच मिळत नाही.
बर्फ म्हणजे रांगा लावणं,
शेजाऱ्याला कोपराने सरकवणं.
तेवढी उसंत नाही.
जे जिथे होतं ते तिथेच राहतं, काचेत.
याला गोठणं म्हणवत नाही मला.
ऑक्टोबरपासून खिडकीतली तुपाची बरणी करते ते,
किंवा फोन कानाला लावलेला माणूस
उंबऱ्यातच करतो ते.

पहाटे पडद्यावर करड्यावर करडं.
धुक्यातली शेळी, की दगड?
जास्त उजेड टाकायची सोय नाही,
ज्याने पाहायचं त्यानेच ते जळतं.
थोडं थोडं पाहायचं, पुष्कळांना पाहायचं,
मग बेरीज.

माझं प्रथिन हट्टी.
दर वेळी पालथंच.
एक लाख बारा हजार पाठी मोजल्या,
पोट एकाचंही नाही.

"जाळी तिरकी कर, पोरी," हिल्डा ऑर्मरॉड म्हणाली,
"ते कूस बदलत नसेल
तर आपण मान वाकडी करायची."
आणि खुर्चीसकट वळली.
तीन वर्षं मी हिला पाठमोरीच ओळखते:
पांढरी वेणी, स्वेटरच्या कोपराला ठिगळ.
समोरून पाहिलं तर
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
"पुढच्या महिन्यात काढणार.
तोवर करड्यातलं माझ्याइतकं कुणाला कळणार?"
स्वतःच हसली, चहा सांडला.

चाळीस अंश कललो.
अकरा दिवसांनी पोट दिसलं.
मळसूत्रं, खाच, खाचेत अडकलेला जस्ताचा अणू,
सगळं इतकं जागच्या जागी
की मला आधी खोटंच वाटलं.

एक वळसा मात्र उमटत नाही.
तो हलता होता,
लाखातल्या प्रत्येकात वेगळीकडे थिजला,
आणि बेरजेत पुसला गेला.

हिल्डा रजेवर आहे.
बाहेर कचऱ्याची गाडी मागे घेतायत, पीं पीं पीं.
मी त्या रिकाम्या जागेत
तुटक रेघ काढते.