हातचा

यावलच्या शाळेत टीव्ही आला
तेव्हा हुसेन तडवी कौलांवर चढून अँटेना फिरवायचे.
"दिसतं का?"
"मुंग्याच!"

त्या मुंग्यांतून यायचं ते मोज्याचं मुंगूस,
एक डोळा बटणाचा, दुसरा उसवलेला.
नाव कधी कुणी सांगितलंच नाही.
शिकवायचा पोपट, गाणी कासवाला,
ह्याचं काम एवढंच:
सात नि आठ पंधरा झाले
की एक तोंडात धरून
पुढच्या घरात नेऊन ठेवायचं.

एकदा वाटेत सांडला.
अख्खा वर्ग ओरडला, "उचल ना भो!"
भिकन तर उठून काचेपाशी गेला.

आता रावेरला केळीच्या काट्यावर बसतो.
गाडीची बेरीज यंत्र करतं,
मी पुन्हा हातानं करतो.
नवाच्या पुढे गेलं
की पेन थांबवतो जरा.
त्याला यायला वेळ लागतो.