कुंभयाचा तिस्क

शाळेच्या स्मरणिकेसाठी अर्धं पान द्या, म्हणाल्या बाई,
आपल्या तिस्काचा इतिहास, सोपा, मुलांना कळेलसा.
मी बत्तीस वर्षं तलाठी. अर्धं पान म्हणजे
एक-चौदाच्या उताऱ्याएवढं: नाव, क्षेत्र, कूळ, पीक.
बसलो लिहायला.

कुंभयाचं झाड नाही.
पहिली ओळ हीच लिहावी लागली.
वडिलांनीही ते पाहिलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं
फक्त खोड, ज्यावर बसून
रेजिदोर सह्या करायचा.

गाव कुणी वसवला?
एका बैलाने.
सगुण मिठगावडा मिठाची गाडी घेऊन घाटाकडे निघालेला,
इथे उजवा बैल बसला.
शेपूट पिळली, पाठीवर पाणी ओतलं,
राखणदाराला रोट बोलला.
बैल रवंथ करीत राहिला.
तीन दिवसांनी सगुणाने गाडीचंच छप्पर केलं,
येणारेजाणारे पायलीभर मीठ मागू लागले.
मग बैल उठला म्हणतात,
पण तोवर चूल मांडून झाली होती.

पुढचे सगळे असेच. थांबले, म्हणून राहिले.
पियेदाद सुईण एका बाळंतपणाला आली,
परतीची होडी चुकली.
हुसेनखान नालबंदाचा ऐरणीचा दगड इथेच दुभंगला.
पुतू वेळीप तर डोंगरावरून
नुसती काडेपेटी न्यायला उतरला होता.
त्यांच्या नातवंडांची नावं दप्तरात मीच चढवली.
‘कशाच्या आधारे’ या रकान्यात
बैल लिहिता आला नाही.

पियेदाद एकाच बाटलीतलं तेल
खुरसालाही घाली, राखणदाराच्या पणतीलाही.
खुरसाला मेणबत्ती लागते, पाद्रीने बजावलं.
ती म्हणाली, मेण महाग झालंय, पाद्रीबाब,
आणि वारा दोघांनाही सारखाच लागतो.

पाकले गेले त्या डिसेंबरात
चौकीतली खुर्ची तेवढी मागे राहिली.
सागवानी, हातांच्या टोकाला सिंहाची तोंडं,
एका सिंहाला कान नाही.
महिनाभर तिच्यावर कुणी बसेना.
मग पुरसो न्हाव्याने ती डोक्यावर घेतली, दुकानात नेली
आणि पहिलं गिऱ्हाईक बसवलं:
स्वतःचा बाप.

ट्रकांसाठी मी दोन ओळी राखल्या होत्या.
पुरल्या नाहीत.
दिवसाला नऊशे. हा आकडा सरकारी नव्हे,
नऊ वर्षांच्या शांबाने भिंतीवर खडूने रेघा मारून मोजलेला.
तिन्ही रस्ते एका रंगाचे झाले,
मग तांदूळ, मिशा, खुरीस, वाळत घातलेली लुगडी.
चहाची अकरा दुकानं. शांबाच्या बापानेही
कर्ज काढून ट्रक घेतला.
भिंतीवर शेवटी चार उभ्या रेघा आहेत
आणि एक अर्धी.
पलीकडून खडू आणायला धावला होता की चेंडू,
यावर अजून एकमत नाही.
खाण बंद पडली, ट्रकांत गवत वाढलं, भिंत विकली गेली,
नव्या मालकाने सगळीकडे चुना मारला,
तेवढी जागा सोडून.

आता हमरस्ता अर्धा किलोमीटर वरून जातो.
फलक आहे, बाण आहे,
नावात एक अक्षर चुकलंय.

बाईंनी कागद परत पाठवला. लाल शाईत:
बैल काढावा, संस्थापक म्हणून एखादा माणूस घालावा.
भिंतीचं नको, मुलं वाचतील.

काल दाढीला गेलो. पुरसोचा नातू असतो आता.
बिनकानाच्या सिंहावर हात ठेवून
त्याला सगळं वाचून दाखवलं.
हनुवटीखाली वस्तरा थांबवून त्याने विचारलं,
बसला तेव्हा
बैलाचं तोंड कुठल्या रस्त्याकडे होतं?

आरशात दोनच रस्ते दिसतात.
मला ठाऊक नव्हतं,
आणि मान हलवायची सोय नव्हती.