प म्हणताना

पपांच्या बॅगेत निघालं ते असं:
हातभर आरसा, कडेला टवका उडालेला,
सहा लाकडी पट्ट्या, आइस्क्रीमच्या असतात तशा,
अर्धी जळलेली मेणबत्ती,
वीस मीटर नायलॉनची दोरी,
आणि आईसाठी घेतलेलं खाजं,
त्याला तोवर मुंग्या लागल्या होत्या.

कुडाळ स्टँडाच्या बाकावर बसल्या बसल्या गेले.
वेंगुर्ल्याची गाडी लागलेली होती.
"काय करीत वडील?" हवालदाराने विचारलं.
बोलायला शिकवत.
"ल्हान पोरांका?"
ज्यांचं बोलणं हरवलंय त्यांना.
त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं: शिक्षक.

लाडू कुबलला झटका आला तेव्हा
त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता, नाय.
पाणी हवं? नाय.
मुंबयसून चेडू इला, बघतंस? नाय,
आणि डोळे भरलेले, कारण त्याला हो म्हणायचं होतं.
तीन महिने आरसा, पट्ट्या, चित्रांची कार्डं:
सफरचंद, छत्री, विमान.
चौथ्या महिन्यात पपांनी कार्डं रबर लावून ठेवून दिली,
लाडूला पाठुंगळी घेऊन होडीत बसवलं
आणि थेट निवतीच्या दीपगृहाकडे नेलं,
डॉक्टरांना न विचारता, आईला तर नाहीच.
जाळं वर आलं.
काहीतरी चंदेरी त्याच्या पायावर उडालं.
"पेडवो," लाडू म्हणाला.
मग, "सौंदाळो."
मग एक शिवी, स्पष्ट, पूर्ण, तिन्ही पिढ्यांना पुरेल अशी.
रात्री जेवताना पपा म्हणाले,
विमान कोणी खाल्लंय का इथे?
आई म्हणाली, वारा बघितलात का निघताना?

ती तेवढंच विचारायची. दर वेळी.
कडा उतरताना, पाखरांच्या गुहेत शिरताना,
रुझारला दोरी बांधून किल्ल्याच्या टोकावर नेलं तेव्हा.
रुझार स्वतःच्या नावावरच अडायचा, र र र,
जसं इंजिन सुरू होतंय आणि होत नाही.
पपांनी त्याला समुद्राकडे तोंड करून ओरडायला लावलं.
त्याची आई भांडायला आली, चहा पिऊन गेली.
रुझार अजून अडखळतो.
काल मला भेटला, र र करत नाव पूर्ण केलं,
मधे थांबला नाही, खाली बघितलं नाही.

फी मागायला विसरायचे.
माझ्या वेण्या घालायचे खलाशांच्या गाठी मारून,
शाळेत बाई कात्री शोधायच्या.
दाराजवळच्या पाटीवर भरतीची वेळ लिहायचे
आणि तिच्याखाली, मी येण्याची.
तीस वर्षांत दोनदा चुकले,
पहिल्यांदा सुकाणू तुटलं म्हणून.

ती मेणबत्ती माझ्याही लहानपणाची.
प म्हण, ज्योत हलली पाहिजे.
फ म्हण, विझेल.
म म्हण. बघ, ढिम्म.
तेव्हा मला वाटायचं,
आईचं नाव घरात राहतं,
पपांचं बाहेर जातं.

दहा दिवस दिवा होता कोपऱ्यात.
तिसऱ्या रात्री मी जवळ बसून म्हणून बघितलं.
प. प.
ज्योत मागे झुकली, परत उभी राहिली.
"विझवशील," आई म्हणाली,
आणि मला झोपायला पाठवलं, मी चाळीस वर्षांची.

अंधारात पडून ऐकत होते.
ती उठली, दिव्यापाशी गेली.
आयुष्यात कधी नाव घेतलं नाही तिने त्यांचं,
तेव्हाही नाही.
तेल घातलं. वात पुढे केली.
मग हळूच, जेवायला वाढताना विचारायची तशी,
अहो,
वारा बघितलात का?